मशीनला नेसवलेलं लुगडं

“हेच ते मशीन. भाऊजींच्या आईनं ह्यालाच लुगडं नेसवलं होतं म्हणं.”

जिन्याच्या वरच्या पायरीवरून हे बोलणं आलं तेव्हा मी गच्चीवर त्याच मशीनच्या मागे उकिडवी बसले होते. बोलणारे बसूदादाचे मेहुणे होते. खाली मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून कुणाला तरी घेऊन वर आले होते. “लुगडं? मशीनला?” असं म्हणून तो दुसरा माणूस हसला, आणि मग आपण दुःखाच्या घरी आलोय हे आठवून त्यानं हसण्याचा खोकला केला. मी उठले असते तर त्यांना दिसले असते. मी उठले नाही. माझं असंच असतं, तुला माहीत आहे.

आत्या, तुला माती देऊन तो तिसरा दिवस होता. सकाळी सगळे तुझ्या समाधीवर दूध आणि बेल वाहून आले. जंगम स्वामींची पाद्यपूजा व्हायची होती, माणसं आंघोळीसाठी ओळीनं थांबली होती आणि नळाला गार पाणी यायला लागलं. वहिनीनं खालून हाक मारली, “रेणू, तुझं ते मशीन बघ गं जरा.” वर येऊन बघते तर पाहुण्यांनी त्याच्यावर ओले टॉवेल, दोन धोतरं आणि एक सतरंजी वाळत घातलेली. आषाढातली दमट हवा, कपडे वाळत नव्हते. पंखा दिसला म्हणून कुणाला तरी वाटलं असणार, इथं लवकर वाळतील. त्या पंख्यातून गार वारं येतं आणि गार वाऱ्यात काही वाळत नाही, हे त्यांना कोण सांगणार? सतरंजी मागच्या जाळीला चिकटून बसली होती. तिथूनच ते हवा आत ओढतं. हवा मिळेना म्हणून ते बंद पडलं होतं. एवढंच झालं होतं.

मी कपडे काढले. जाळीवर सतरंजीचे धागे अडकले होते, ते तू त्यासाठीच ठेवलेल्या बुटाच्या ब्रशनं वरून खाली झाडले. वरून खालीच. आडवा हात मारला की त्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या वाकतात, हे तू मला शिकवलंस. पुस्तकात ते नव्हतं.

ते मशीन आणि मी एकाच महिन्यात तुझ्या घरी आलो. परळीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली होती, आणि चौसाळ्याहून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं. पप्पा दुकान सोडून मला पोचवायला आले आणि तुला म्हणाले, “अक्का, पोरगी बोलत न्हाई फार. वाईट वाटून घेऊ नको.” तू म्हणालीस, “बोलणारे लई झाले माझ्या दारात.” त्याच आठवड्यात तुझ्या मुलानं, बसूदादानं, पुण्याहून हे पाणी तापवायचं मशीन पाठवलं. तू पहाटे चार वाजता उठून बंब पेटवतेस, धूर डोळ्यांत जातो, हे त्याला बघवत नव्हतं. बसवणारी माणसं दिवसभरात टाकी आणि नळ्या जोडून गेली. स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर बटनं आणि आकडे असलेला एक छोटा पडदा लावला, आणि टेबलावर इंग्रजी पुस्तक ठेवलं. दादा फोनवर म्हणाला, “रेणू आहे ना आता. इंग्रजी शाळेतली आहे. मशीनची जबाबदारी तिची.”

म्हणजे मी तुझ्या घरात राहायचं ते या कामावर, असं मी तेव्हा मनाशी धरलं. कुणी तसं म्हणालं नव्हतं. पण हॉस्टेलमध्ये वाढलेल्या मुलीला आपण कुठे कशासाठी आहोत हे स्पष्ट असलेलं बरं वाटतं.

पहिले दोन आठवडे आपण त्या पुस्तकाशिवाय दुसऱ्या कशावर बोललो नसू. जेवण झालं की तू चष्मा लावून बसायचीस, वाचता येत नसताना. मी एक ओळ इंग्रजीत वाचायची आणि तू म्हणायचीस, “आता माणसाच्या भाषेत सांग.” मला सांगता यायचं नाही. हवेतली उष्णता शोषून ती पाण्याला दिली जाते, असं मी म्हणाले तेव्हा माझं मराठी ऐकून तू इतकी हसलीस की शेजारच्या मंगलकाकू डोकावल्या. मग तू उठलीस, माझा हात धरलास आणि फ्रीजच्या मागे नेऊन टेकवलास. “गरम लागतंय का?” लागत होतं. “आतलं दूध गार होतंय, त्या दुधाची गरमी हितून बाहेर पडती. वरचं मशीन उलटं. ते बाहेरची गरमी आत आणतंय. झालं तुझं पुस्तक.”

पुस्तकाची वीस पानं वाचून मला जे कळलं नव्हतं ते तळहाताला कळलं. माझा हात असा कुणी धरून बरेच दिवस झाले होते, हेही तेव्हाच कळलं.

दादानं पुण्याहून सांगितलं होतं, पहाटे तीनला मशीन आपोआप सुरू होईल असं लावून ठेवा, म्हणजे पूजेच्या वेळेला पाणी तयार. काही महिने तसं चाललं. थंडीत ते तासन्‌तास घरघरायचं. एका दुपारी तू गच्चीवर ज्वारी निवडत बसली होतीस आणि अचानक म्हणालीस, “रेणू, ह्याला बाहेरची गरमीच पायजे ना? मग पहाटेच्या गारठ्यात कावून पळवायचं बिचाऱ्याला? दुपारी ऊन हाय, तवा तापव म्हणावं. टाकी काय गार होत न्हाई सकाळपर्यंत.” मी पुस्तकात शोधलं. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात अगदी तेच लिहिलेलं होतं. मी तुला ते वाचून दाखवलं तेव्हा तू पुस्तकाकडे असं पाहिलंस, जसं वर्गातल्या दुसऱ्या हुशार मुलीकडे पाहतात.

तेव्हापासून मशीन दुपारी बाराला सुरू व्हायचं. मे महिन्यात तू त्याच्या पंख्यासमोर स्टूल टाकून बसायचीस. पाणी तापत असताना ते समोर गार वारं सोडतं, आणि परळीच्या उन्हात ते गार वारं सोडून देणं तुला पटत नव्हतं. पावसाळ्यात त्याच्यातून पाणी ठिबकायचं, हवेतलं. त्याखाली तू बादली ठेवलीस आणि ते पाणी कुंडीतल्या बेलाला घालायला लागलीस. मंगलकाकू म्हणाल्या, “तुमच्या मशीनला सर्दी झाली वाटतं, अक्का. नाक गळायलंय.” तू म्हणालीस, “घाम हाय त्याचा. काम करणाऱ्याला येतो. तुमाला कसा म्हाईत आसणार?” मी जिन्यात उभी राहून हसत होते. त्या हसण्याचा आवाज बाहेर येत नाही याबद्दल तू मला नेहमी बोलायचीस.

लाइट गेली आणि आली, की मशीन लगेच सुरू करायचं नाही. तीन मिनिटं थांबायचं. आतला दाब खाली बसू द्यायचा, नाहीतर कंप्रेसरवर ताण येतो. मी मोबाइलवर वेळ लावायचे. तू पडद्यासमोर उभी राहून एकशे आठ वेळा ‘नमः शिवाय’ म्हणायचीस आणि मग बटन दाबायचीस. एकदा आपण दोन्ही ताडून पाहिलं. तुझं माझ्या मोबाइलपेक्षा थोडं जास्तच भरलं. “जास्त झालं तर बिघडत न्हाई,” तू म्हणालीस. “कमी पडलं तर बिघडतंय.”

आता जानेवारीबद्दल लिहायला हवं. मी इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत राहिले ते तेच टाळण्यासाठी.

परळीत वारं फिरलं की वीजकेंद्राची राख येते. गॅलरीत, गाडीच्या सीटवर, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर. त्यामुळे इथं प्रत्येक वस्तूवर कापड असतं. मीही साडेतीन वर्षांत तशीच झाले होते. काही उघडं दिसलं की हात आपोआप कापड शोधायचा. त्या दिवशी सकाळपासून राख पडत होती. तुझा गुडघा सुजला होता, तू आठवडाभर गच्चीवर चढली नव्हतीस. मी कपडे काढायला वर गेले तर जाळी करडी झालेली. झाडायला वेळ नव्हता, कारण पप्पांचा फोन येऊन गेला होता: लगेच निघ, उद्या पाहुणे तुला बघायला येणार आहेत. खुंटीवर तुझं जुनं हिरवं इरकल लुगडं होतं, धुणं बांधायचं. मी ते मशीनभोवती दोनदा गुंडाळलं आणि वरून नायलॉनची दोरी बांधली. निघण्याआधी सोडायचं, असं ठरवलं होतं. बॅग भरली, साडी कुठली न्यायची त्यावर तुझ्याशी वाद घातला, बस पकडली.

मशीन झाकू नये, हे त्या पुस्तकात चौकटीत लिहिलेलं आहे. ती चौकट मीच तुला मराठीत सांगितली होती. तू म्हणाली होतीस, “म्हंजे त्याचं नाक दाबू नको म्हणतंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी चौसाळ्याच्या घरात मी मान खाली घालून बसले होते आणि मोबाइल आतल्या खोलीत वाजत होता. तुझे चार कॉल होते. रात्री पाहिले. उशीर झाला म्हणून केला नाही. त्या पाहुण्यांनी मला पसंत केलं नाही, हे पुढे कळलं. मुलगी फार गप्प आहे, म्हणाले. मी उचलला नाही म्हणून तू दादाला फोन लावलास. पडद्यावर इंग्रजी अक्षर आणि आकडा येतोय, पाणी तापत नाही. दादा मीटिंगमध्ये होता. म्हणाला, “बटन बंद करून चालू कर, आई. होतं असं.” तू दोन दिवस तेच करत राहिलीस. प्रत्येक वेळी एकशे आठ म्हणून. तुला वर चढता येत नव्हतं. वर जाळीवर बर्फ धरला होता.

तिसऱ्या दिवशी मी दारात बॅग घेऊन उभी होते तेव्हा लातूरचा मेकॅनिक जिन्यावरून खाली येत होता. त्याच्या हातात ते हिरवं इरकल होतं, ओलं. तुझ्या हातात मोबाइल होता आणि त्यात बसूदादाचा चेहरा.

“आजी,” मेकॅनिक म्हणाला, “मशीनला लुगडं कुणी नेसवलं हो?”

तू लुगड्याकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. मी किती वेळ तशी उभी होते मला आठवत नाही, पण तुझ्या नजरेला सगळं समजायला पुरेल एवढा वेळ होता.

“मीच की,” तू म्हणालीस. “थंडी वाजत आसंल म्हणलं त्याला.”

मेकॅनिक खळखळून हसला. तू ते हसण्यासाठीच म्हणाली होतीस. माझ्यावरून त्याची नजर हटावी म्हणून. मोबाइलमधला दादा हसलाही आणि मग एकदम गप्प झाला. “आई,” तो म्हणाला, “थंडी? मशीनला?” मेकॅनिक सांगत होता की कंप्रेसर गेला, बर्फ धरलेल्या मशीनला पुन्हा पुन्हा चालू केलं, आत वायूऐवजी द्रव शिरला, वाफ पिणाऱ्याला पाणी पाजल्यासारखं झालं, नवा टाकावा लागेल. दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो तुझ्याकडे पाहत होता. गुडघा सुजल्याचं तू त्याला कळवलं नव्हतंस.

मेकॅनिक गेल्यावर मी म्हणाले, “आत्या, मी सांगते दादाला.” तू गुडघ्याला तेल लावत होतीस. “कशाला? पयलंच तो म्हणतोय, पोरगीला कशाला ठिवलीस म्हणून. उद्या म्हणंल, मशीनबी मोडलं, धाड तिला चौसाळ्याला. मग बस पाव्हण्यांसमोर मान घालून.” मी म्हणाले, “पण तुझ्यावर का?” तू म्हणालीस, “माझं काय जातंय? म्हातारीला कोण बोलणार?”

त्याच संध्याकाळी दादानं मला वेगळा फोन केला. “रेणू, खरं सांग. आईला असं कधीपासून होतंय? तुला काही वेगळं वाटतं का तिच्यात? विसरते का?”

हे मी कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. तुला वाटत होतं की मी फक्त गप्प राहिले. गप्प राहिले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, “कधी कधी विसरते.”

तू चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचीस, एवढंच माझ्या मनात होतं, असं मी स्वतःला नंतर पटवलं. पण बोलताना मला माहीत होतं की तो काय विचारतोय आणि माझ्या उत्तरानं कुणाकडची नजर कुणाकडे वळणार आहे. तीन शब्द. मी एवढं कमी बोलते, आणि त्यातले ते तीन.

पंधरा दिवसांत कंप्रेसर बदलून झाला, मशीन पूर्ववत सुरू झालं. तू मात्र पूर्ववत राहिली नाहीस, लोकांच्या लेखी. दादा शनिवारी येऊन गेला, गॅसच्या शेगडीकडे पाहत राहिला, नळ बंद केलेत का ते बघत फिरला. चहात साखर नव्हती, जी तू त्याच्यासाठी मुद्दाम टाकली नव्हतीस कारण त्याला डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. त्यानं ती विसरण्याच्या खात्यात धरली. महाशिवरात्र झाल्यावर तो तुला पुण्याला घेऊन गेला. वैजनाथाचं दर्शन झाल्याशिवाय मी हलणार नाही, एवढीच तू अट घातलीस. निघताना मला म्हणालीस, “जाळी झाडत जा. आन्‌ हसत जा थोडं, भिंती खायला उठत्यात.”

मी घरात एकटी राहिले. मला एकटं राहायची सवय होती, हॉस्टेलपासूनची. पण ती सवय तू साडेतीन वर्षांत मोडून टाकली होतीस हे मला माहीत नव्हतं. बाराला मशीन सुरू व्हायचं आणि सुट्टीच्या दिवशी मी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. गार वारं यायचं. दोनशे लीटर पाणी तापायचं, एका माणसासाठी. मी तापमान कमी करून ठेवलं.

रविवारी तुझा फोन यायचा. नवव्या मजल्यावर राहतेस, खाली माणसं मुंग्यांसारखी दिसतात, सुनेनं भाकरी करायला बाई लावली आहे. मी एकदा म्हणाले, “आत्या, मी सांगूनच टाकते आता.” तू म्हणालीस, “आता सांगून जुना कंप्रेसर जिता होतोय का?” मी ते तुझी परवानगी म्हणून धरलं, न सांगण्याची. दर रविवारी आपला हा वाद अर्धवट राहायचा आणि मला त्याचं बरं वाटायचं.

पण मे महिन्यातला एक फोन मी विसरू शकत नाही. तू म्हणालीस, “हितं मला गॅसजवळ जाऊ देत न्हाईत, रेणू. चहाबी बाईच करती.” आणि मग तू थांबलीस. तू बोलताना थांबणारी बाई नव्हतीस. पलीकडे तुझ्या श्वासाचा आवाज येत होता. तू विचारत नव्हतीस, वाट पाहत होतीस. मला ऐकू आलं, आत्या. हे तुला सांगायचं राहिलं. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं.

मी म्हणाले, “औषध घेतलंस का?”

“घेतलं,” तू म्हणालीस. त्यानंतर तू ते पुन्हा कधी काढलं नाहीस.

तुझ्या जाण्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात होते. तुला तुझ्या गावात माती मिळावी म्हणून दादानं रात्रभर गाडी चालवली. आपल्या लिंगायत रीतीनं तुला बसवून, भस्म लावून, गळ्यात लिंग तसंच ठेवून नेलं. मी बायकांच्या मागे उभी होते. सगळे म्हणत होते की शेवटी शेवटी अक्कांना समजत नव्हतं, एका अर्थी सुटल्या. हे मी तीन दिवसांत इतक्या तोंडांतून ऐकलं की वाटलं, खरंच असेल. मग मेहुणे जिन्यात बोलले आणि मला त्या गोष्टीचं मूळ पुन्हा दिसलं. मूळ मीच होते.

मेहुणे फोन लावून खाली गेले. मी उठून गच्चीवरच्या पेटीतलं बटन बंद केलं आणि थांबले. तेवढ्यात बसूदादा वर आला. डोळे सुजलेले, अंगावर पंचा. तो तुझ्या स्टुलावर बसला.

“होईल का चालू?” त्यानं विचारलं.

“हो. तीन मिनिटं थांबावं लागतं.”

“रेणू, आई तिकडं रोज बाराला विचारायची,” तो म्हणाला. “‘रेणूनं जाळी झाडली आसंल का रे? वारं लागतंय का मशीनला?’ रोज. मी म्हणायचो, झालं, भ्रम सुरू झाला हिचा. डॉक्टरांना तेच सांगितलं मी. त्यांनी गोळ्या दिल्या. दिवसभर झोपून राहायची मग.”

मी जाळीकडे पाहत राहिले. तुला तिथं बसून इथले बारा वाजल्याचं कळत होतं, तुला माझी काळजी होती आणि मशीनची, आणि ती काळजी गोळ्या देऊन झोपवली गेली.

“मलाच कळायला पाहिजे होतं,” दादा म्हणाला. “जानेवारीत, लुगड्याच्या वेळीच. तेव्हाच मोठ्या दवाखान्यात दाखवलं असतं. माझी आई माझ्यासमोर हरवत चालली होती आणि मी फोनवर हसलो गं.” त्यानं पंचा तोंडावर धरला. त्याचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. आपल्या घरात रडण्याचा आवाज न येणारे आणखीही कुणी आहे, हे मला माहीत नव्हतं.

मला वाटत होतं की ही गोष्ट तुझ्या-माझ्यातली आहे. तू गेलीस, आता ती माझी एकटीची राहिली. सांगितली काय, न सांगितली काय, तू काही परत येत नाहीस. पण समोर तुझा मुलगा बसला होता आणि नसलेलं आजारपण वेळेत ओळखलं नाही म्हणून स्वतःला दोष देत होता. हे ओझं तो जन्मभर वाहणार होता, आणि ते मी त्याच्या डोक्यावर ठेवलेलं होतं. खालून वहिनी विचारत होती, पाणी आलं का. कुणीतरी स्वामींसाठी पाट मांडत होतं. मला चौसाळ्याचं घर दिसलं, पप्पांचा चेहरा दिसला, माझी बॅग दिसली. तू तिथं असतीस तर ‘गप’ म्हणाली असतीस की नाही, मला ठरवता येईना. मे महिन्यातल्या त्या फोनमध्ये तू थांबली होतीस, तेवढंच मला आठवत होतं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. खालच्या माणसांनाही गेला असावा, कारण खाली एकदम शांत झालं.

“दादा, ते लुगडं मी गुंडाळलं होतं. चौसाळ्याला जायच्या घाईत मी गुंडाळलं आणि सोडायचं विसरले. तू मला घालवून देशील म्हणून आत्यानं ते स्वतःवर घेतलं. आणि तू विचारलंस तेव्हा ती विसरते असं मी तुला खोटं सांगितलं. ती काहीच विसरत नव्हती, दादा. तिला शेवटपर्यंत सगळं कळत होतं.”